सही कशाची हमी देते, इथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एका तरुण प्राध्यापकांकडे ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा विषय आला आहे. तिसऱ्या वर्षाचा वर्ग, साठ मुलं, तीस तास. मुलं या विषयाला ‘फुकटचे मार्क’ म्हणतात. काहीही विचारलं की सगळे एका सुरात ‘प्रामाणिक राहायला हवं’ म्हणतात आणि चर्चा तिथेच थांबते. हा विषय शिकवायचा तरी कसा? विधी, फार्मसी, वाणिज्य, कृषी या शाखांत शिकवणाऱ्यांचीही अडचण हीच असते, म्हणून उत्तरात त्यांचीही उदाहरणं घेतली आहेत.

मुलांचं उत्तर चुकीचं नसतं. खोटं लिहू नये, लाच घेऊ नये, हे त्यांना ठाऊक असतं आणि मनापासून पटलेलंही असतं. जेम्स रेस्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात नैतिक वागण्याचे चार भाग मांडले, ते इथे उपयोगी पडतात. समोरच्या प्रसंगात नैतिक प्रश्न दडला आहे हे दिसणं, हा पहिला. काय योग्य ते ठरवणं, हा दुसरा. इतर सगळ्या ओढींपुढे तेच करायचं असं मनाशी धरणं, हा तिसरा. आणि ते तडीस नेण्याचा दम आणि कसब, हा चौथा. आपले अभ्यासक्रम जवळपास सगळा वेळ दुसऱ्या भागावर घालवतात. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मुलं अडकतात ती पहिल्यात आणि चौथ्यात: दिसलंच नाही, किंवा दिसलं पण तोंडातून शब्द फुटला नाही. तीस तासांतले निम्म्याहून जास्त तास या दोन भागांना द्या.

पहिल्या तासाला व्याख्या, ‘एथिक्स’ शब्दाचं मूळ, थोर पुरुषांची वचनं, यातलं काही नको. कोरे कागद घेऊन जा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यात वापरतात तसा इन्स्पेक्शन रिपोर्ट, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचं रजिस्टर, बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचं पत्रक), डॉक्टरांचं आजारपणाचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्राचा नमुना. प्रत्येकाच्या खाली सहीची जागा असते. पाच-पाच जणांना एकेक कागद द्या आणि एकच काम सांगा: सही करणारा माणूस कोणाला काय सांगतो आहे, ते एका वाक्यात लिहा. ‘रिपोर्ट बरोबर आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘हे आठ शाफ्ट मी स्वतः मायक्रोमीटरने मोजले, मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) चालू तारखेचं आहे आणि सगळे मापात आहेत, असं मी पुण्याच्या असेंब्ली लाइनवरच्या न पाहिलेल्या माणसाला सांगतो आहे,’ इथपर्यंत वाक्य यायला हवं. पहिल्यांदा येत नाही. दोन-तीनदा परत पाठवावं लागतं. पण एकदा असं वाक्य लिहून झालं की पुढचे सगळे तास त्याच्यावर उभे राहतात.

सहीमागे कायदा कुठे उभा आहे, तेही त्याच तासाला दाखवा. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002च्या आचारनियमांत खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करणं हे गैरवर्तन ठरवलेलं आहे, आणि दिलेल्या प्रमाणपत्रांचं रजिस्टर ठेवण्याचंही बंधन आहे. चार्टर्ड अकाउंटंट कायदा 1949 चा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हिशेब न तपासता त्यांवर अहवाल देणं हे गैरवर्तन आहे. आता तर सनदी लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर अठरा अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळे सही कोणाची हे कोणालाही पडताळता येतं. औषधांच्या दुकानात शेड्युल एच-1चं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या एका यादीतलं औषध दिलं की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं याची नोंद करावी लागते आणि ती तीन वर्षं ठेवावी लागते. फार्मसीच्या वर्गात इथे थोडं थांबा. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं आणि माणूस दुकानात नाही, म्हणजे लायसन्स भाड्याने दिलेलं, हा प्रकार त्या मुलांनी पाहिलेला असतो. काहींना पास होण्याआधीच तशी विचारणाही झालेली असते. ‘तुमच्या नावाची सही कोण करणार आणि ती कोणत्या औषधाखाली असेल?’ एवढंच विचारा.

पुढची दोन सत्रं दिसण्याच्या सरावाची. एका पानावर सातपूरच्या एखाद्या क्वालिटी इंजिनिअरचा साधा दिवस लिहा, दहा-बारा घटनांचा. त्यातल्या चार-पाचच नैतिकदृष्ट्या महत्त्वाच्या असाव्यात आणि त्या आरडाओरडा करणाऱ्या नसाव्यात. लाचेचं पाकीट अजिबात घालू नका, ते सगळ्यांनाच दिसतं. त्याऐवजी असं घाला: व्हर्नियरवरच्या (मापाच्या उपकरणावरच्या) कॅलिब्रेशनच्या स्टिकरची तारीख उलटून अकरा दिवस झालेत. पुरवठादाराकडून दिवाळीचा सुकामेव्याचा डबा आला आहे. ग्राहकाने फोनवर तोंडी ‘चालवून घ्या’ म्हटलं आहे, लेखी काही नाही. आणि 25.00 मिलीमीटरच्या शाफ्टचा तासागणिक नोंदींचा तक्ता आहे, ज्यात आठ तासांची आठ मापं आहेत: 25.02, 25.01, 25.02, 25.02... सगळी एकाच पेनाने, अक्षराचा कल सारखा, मध्ये जेवणाची सुट्टी झाल्याची काही खूण नाही. हा तक्ता खरा हाताने भरून त्याची झेरॉक्स वाटा. टाइप केलेल्या तक्त्यात ही गोष्ट दिसूच शकत नाही. मुलांना आधी खटकेल तिथे खुणा करू द्या, मग शेजाऱ्याच्या खुणांशी ताडून पाहू द्या. बहुतेकांची सुकामेव्यावर खूण असते आणि तक्ता सुटलेला असतो. का सुटला, ते त्यांना सांगावं लागत नाही, कारण भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलची जर्नल त्यांनी अशाच प्रकारे, सबमिशनच्या आदल्या रात्री, एका बैठकीत पूर्ण केलेली असते.

आता केस. हा विषयाचा गाभा आहे, आणि बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो इथेच. केस तीन ओळींची असते: ‘तुम्ही इंजिनिअर आहात. साहेब खोटा रिपोर्ट मागतात. काय कराल?’ याला एकच उत्तर निघतं आणि ते आधीच ठाऊक असतं. चांगल्या केसमध्ये आकडे, तारखा, हुद्दे, घड्याळ आणि कुणाचं तरी खरं नुकसान असावं लागतं. एक केस उघडून दाखवतो.

गंगापूर रोडवर पार्किंग अधिक सात मजल्यांची इमारत. तिसऱ्या स्लॅबसाठी एम-25 काँक्रीट, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलीमीटरला 25 न्यूटन ताकद यावी असं, 42 घनमीटर. साइट इंजिनिअरला नोकरीत सहा महिने झालेत. सहा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरले गेले, तीन सात दिवसांसाठी आणि तीन अठ्ठावीस दिवसांसाठी. सात दिवसांची सरासरी 13.4 आली, रजिस्टरमध्ये लिहिली गेली, पुढे काही झालं नाही. आज अठ्ठावीस दिवसांचे आकडे आलेत: 19.2, 20.1, 20.4. मधल्या काळात वरचे दोन स्लॅब ओतून झालेत. बँकेचा हप्ता पुढच्या सोमवारी रिपोर्ट जोडल्यावर सुटणार आहे. लॅबमधला माणूस म्हणतो, ‘सर, दुसरे क्यूब आणून द्या, तारीख मी टाकतो.’ कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘कोअर कापायला मशीन आलं की बोभाटा होईल, बुकिंगवाले पळतील, आणि माझ्याकडच्या चाळीस माणसांचा पगार कोण देणार?’

या केसमध्ये काय काय पेरलं आहे पाहा. सात दिवसांना साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी, म्हणजे सोळा-सतराच्या आसपास, 13.4 हा आकडा तेव्हाच बोलत होता. आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे कोडनुसार, 31 ते 50 घनमीटरला चार नमुने लागतात आणि एका नमुन्यात तीन क्यूब असतात. म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे बारा क्यूब हवे होते, होते तीनच. त्यामुळे ‘काँक्रीट खराब आहे’ हेसुद्धा अजून सिद्ध झालेलं नाही. तीन क्यूब नीट भरले नसतील, नीट पाण्यात ठेवले नसतील. आणि कोडमध्येच पुढची वाट लिहिलेली आहे. शंका असलेल्या भागातून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल कापलेले तुकडे, काढायचे; त्यांची क्यूबमध्ये रूपांतरित सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के, म्हणजे इथे 21.25, आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या, म्हणजे 18.75च्या खाली नसेल, तर काँक्रीट स्वीकारता येतं. तेही जमलं नाही तर भारचाचणी: स्लॅबच्या स्वतःच्या वजनावर अपेक्षित भाराच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवायचा, काढल्यावर पुढच्या चोवीस तासांत वाकलेल्यापैकी किमान 75 टक्के परत यायला हवं. याआधी आजच्या आज करायचं काम वेगळंच: खालचे टेकू काढू द्यायचे नाहीत, वरचं विटकाम थांबवायचं आणि स्ट्रक्चरल डिझायनरला कळवायचं.

म्हणजे ‘खोटं लिहू की नोकरी सोडू’ अशी दोनच दारं मुलांना दिसत होती. तिसरं दार कोडच्या कलमात होतं. उपयोजित नीतिशास्त्रातली तिसरी वाट फार वेळा धंद्याच्या ज्ञानातून निघते. ज्याला कोअर टेस्टचे निकष माहीत नाहीत, त्याच्याकडे धैर्य असलं तरी बोलायला काही नसतं. म्हणून हा विषय एकट्या मानव्यविद्येच्या शिक्षकाकडे किंवा ज्याचा तासांचा लोड कमी पडतो त्याच्याकडे ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे. ते शक्य नसेल तर निदान केस लिहिताना त्या शाखेच्या शिक्षकाला शेजारी बसवा.

इतर शाखांतही तिसरं दार असंच सापडतं. वाणिज्यच्या वर्गात अंबडच्या कारखान्याचं स्टॉक स्टेटमेंट घ्या. पुस्तकात माल 68 लाखांचा, पण त्यातलं 27 लाखांचं कास्टिंग नापास होऊन मागच्या शेडमध्ये गंजतं आहे, आणि बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा त्या 68 लाखांवर बसवलेली आहे. आर्टिकलने, म्हणजे सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणाऱ्याने, काय करायचं? लेखामानक 2 सांगतं की माल खरेदीची किंमत किंवा विकून प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम, यांतली जी कमी ती धरायची. मग न विकला जाणारा माल भंगाराच्या भावाने वेगळा दाखवायचा आणि मालकाने बँकेकडे आपल्या पायांनी जाऊन मुदत मागायची, ही बोलणी करता येतात. विधीच्या वर्गात: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात आज दुपारी प्रतिज्ञापत्र दाखल करायचं आहे, अशील सुरगाण्यात अडकला आहे आणि सीनिअर म्हणतात, ‘त्याच्या नावाने करून टाक, तो काही नाही म्हणणार नाही.’ तारीख मागणं किंवा अशील आहे तिथल्या नोटरीसमोर शपथ घेऊन कागद मागवणं, या वाटा आहेत. त्यांचा खर्च आणि सीनिअरचा राग, दोन्ही केसमध्ये ठेवा.

कृषीच्या मुलांसाठी द्राक्ष सोडून दुसरं उदाहरण नाशिकमध्ये शोधायची गरज नाही. दिंडोरीतली बाग, काढणीला बारा दिवस, अवकाळी पाऊस, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती. दुकानात जे औषध तयार आहे त्याचा पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचा काळ, बारा दिवसांहून कितीतरी जास्त. सल्ला देणारा कृषी पदवीधर आणि औषध विकणारा एकच माणूस आहे, हितसंबंधांची गाठ तिथे बसते. 2010 साली युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधक रसायनाच्या अंशांमुळे अडकली होती आणि त्याची झळ इथल्या बागायतदारांना बसली. हा इतिहास मुलांच्या घरात अजून बोलला जातो. शेतकऱ्याचं पीक वाचवायचं आहे आणि खाणाऱ्याला आपण कधी भेटणार नाही. चर्चा आपोआप पेटते.

सत्र कसं चालवायचं, ते मिनिटांत सांगतो. पन्नास मिनिटांचा तास पुरत नाही. वेळापत्रकात दोन तास जोडून घ्या. पहिली आठ मिनिटं शांतपणे वाचन आणि नाव न लिहिता चिठ्ठी: ‘उद्या सकाळी मी काय करेन?’ ‘काय करायला हवं’ असं विचारू नका. चिठ्ठ्या गोळा करा आणि वाचून दाखवा. एरवी एका सुरात बोलणाऱ्या वर्गात निम्म्या चिठ्ठ्या ‘सही करेन’ म्हणतात, आणि वर्ग पहिल्यांदा एकमेकांकडे पाहतो. मग पाच-पाचचे बारा गट, पंचवीस मिनिटं. पाचाहून मोठा गट केला की दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाईल काढतात. गटातल्या एकाला कॉन्ट्रॅक्टरची बाजू मनापासून लढवायची जबाबदारी द्या, कारण समोरचा माणूस खलनायक नसून त्यालाही चाळीस पगार करायचे आहेत हे कळल्याशिवाय केस खरी होत नाही. पंचविसाव्या मिनिटाला दुसरा कागद वाटा, नवी माहिती असलेला: ‘डिझायनर म्हणतात, त्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीचा भार येणार आहे.’ आणखी पंधरा मिनिटं. त्यानंतर चार गटांनाच मांडायला सांगा. बारा गटांनी बोललं तर सहाव्यापासून सगळे ‘आमचंही तेच’ म्हणतात. शेवटची पंधरा-वीस मिनिटं तुमची: कोड, कायदा, सुटलेले मुद्दे.

तोपर्यंत तुमचं मत चेहऱ्यावरही येऊ देऊ नका. सरांना काय आवडेल ते मुलं तीन मिनिटांत ओळखतात आणि मग ते तेच बोलतात. पण सत्र संपताना ‘प्रत्येकाचं आपापलं मत’ म्हणून सोडून देणं ही तितकीच मोठी चूक आहे. काही उत्तरं चुकीचीच असतात. बदली क्यूबचा रिपोर्ट चूकच आहे, तसं स्वच्छ सांगा. कोअरचा खर्च कोणी द्यायचा, ग्राहकांना आज सांगायचं की निकाल आल्यावर, यावर शहाणी माणसं वेगवेगळं म्हणतील, तेही सांगा. ही सीमारेषा कुठे आहे ते दाखवणं, हेच शिक्षकाचं काम.

आता भाषेचा मुद्दा. पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, पण दबाव येतो मराठीत, आणि तोही प्रेमळ मराठीत. ‘अहो, एवढ्याने काय होतंय?’ ‘वरून सांगितलंय.’ ‘आपलाच माणूस आहे.’ ‘सगळेच करतात.’ ‘तू सही करून टाक, मी आहे ना.’ ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि प्रत्येकात काय लपवलं आहे ते मुलांना उकलू द्या. ‘एवढ्याने काय होतंय’मध्ये नुकसानीचा आकडा लपवला आहे, उत्तर आकड्यात द्यायचं. ‘वरून सांगितलंय’मध्ये सांगणाऱ्याचं नाव लपवलं आहे, उत्तर म्हणजे, ‘साहेब, कोणी सांगितलं ते कळलं तर मी त्यांनाच विचारून घेतो, रिपोर्टवर तसा शेरा टाकता येईल.’ ‘मी आहे ना’ याचं उत्तर सगळ्यांत अवघड, कारण ते बहुतेक वेळा खऱ्या मायेने म्हटलेलं असतं. तिथे, ‘तुम्ही आहात म्हणूनच विचारतो, साहेब; तुमची सही वर घेऊ का? मी खाली आलेला आकडा लिहितो.’

मान राखून नकार देणं हे आपल्याकडे शिकावं लागणारं कसब आहे. ज्यांना आयुष्यभर ‘सर’, ‘साहेब’, ‘काका’ म्हणत आलो, त्यांच्यासमोर ‘नाही’ हा शब्द गळ्यात अडकतो. म्हणून दोन सत्रं निव्वळ तोंडी सरावाला ठेवा. जोड्या करा, एक साहेब, एक कनिष्ठ, दोन मिनिटं, मग अदलाबदल. नियम एकच: कनिष्ठाने भाषण द्यायचं नाही, ‘नीतिमत्ता’ हा शब्द वापरायचा नाही, आणि पहिलं वाक्य प्रश्नाचं असावं. ‘सर, हा 19.2 आकडा तुम्ही पाहिलात का?’ यात आरोप नाही आणि साहेबांना मागे सरकायला जागा आहे. अनेकदा साहेबांनी खरंच पाहिलेला नसतो. पहिल्या फेरीत मुलं एकतर हसतात किंवा सिनेमातल्यासारखी गरजतात. तिसऱ्या फेरीपासून आवाज खाली येतो आणि काम सुरू होतं.

तोंडी झालं की लेखी. त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल कसा लिहायचा ते शिकवा: ‘आदरणीय सर, आज दुपारी बोलल्याप्रमाणे, तिसऱ्या स्लॅबच्या तीन क्यूबची अठ्ठावीस दिवसांची सरासरी 19.9 आली आहे. कोअर टेस्टबाबत आपला निर्णय कळवावा. तोपर्यंत खालचे टेकू तसेच ठेवले आहेत.’ तक्रार नाही, विशेषण नाही, धमकी नाही; तारीख, आकडा, विनंती आणि केलेलं काम. मुलांचे पहिले मसुदे पानभर आणि रागाने भरलेले येतात. विशेषणं खोडायला लावा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं पुरेसं नाही, कारण मेसेज पुसता येतात आणि फोन बदलतात, हेही सांगा. यापुढच्या पायऱ्या, म्हणजे साहेबांच्या वरचे साहेब, कंपनीतली तक्रारीची यंत्रणा, व्यावसायिक परिषद किंवा सरकारी यंत्रणा, आणि शेवटी नोकरी सोडणं, यांतली प्रत्येक पायरी महाग होत जाते. जिवाला तातडीचा धोका असेल तर पायऱ्या गाळता येतात. नसेल तर क्रमाने जाणं शहाणपणाचं.

इथे मुलांना खोटा दिलासा देऊ नका. सुवर्ण चतुष्कोण महामार्ग प्रकल्पातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारा अभियंता सत्येंद्र दुबे याने आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही, आणि 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर जागल्यांच्या (व्हिसलब्लोअर) संरक्षणाचा कायदा 2014 साली संमत झाला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षं निघाली नाही. मुलांना हे माहीत असायला हवं. एकट्याने पुढे जाऊ नये, कागदाच्या प्रती सुरक्षित जागी असाव्यात, सल्ला कोणाकडून घ्यायचा ते आधी ठरलेलं असावं, घरखर्चाचे तीन-चार महिने शिल्लक असावेत, हे नीतिशास्त्राच्या तासाला सांगण्यात कमीपणा नाही. ज्याच्यावर गाडीचा हप्ता आणि बहिणीची फी आहे, त्याला नुसतं ‘धैर्य दाखव’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गाजलेल्या घटना जपून वापरा. चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान 28 जानेवारी 1986 रोजी उड्डाणानंतर लगेच हवेतच फुटलं, हे माहीत असलं की वर्गातला प्रत्येक जण ‘मी उड्डाण थांबवलं असतं’ म्हणतो. शेवट माहीत असलेल्या केसमध्ये शिकण्यासारखं थोडंच उरतं. नाव आणि यान दोन्ही काढून टाका; थंडीत रबरी सील कडक होतं, विदा (डेटा) अपुरी आहे, ग्राहक घाई करतो आहे, एवढंच ठेवून एखाद्या पंपाच्या कारखान्याची केस करा. मुलांनी निर्णय दिल्यावर खरी घटना सांगा, आणि आदल्या रात्रीच्या बैठकीत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला ‘अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घाला’ असं सांगितलं गेलं होतं, तेही.

आणि स्थानिक दुर्घटना घेताना वर्गात कोण बसलं आहे याचा विचार करा. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली, त्यात ज्यांची माणसं गेली त्या घरांतली मुलं आज नाशिकच्या कॉलेजांत आहेत. अशी घटना चर्चेचा सराव म्हणून वापरू नये. टाकी, व्हॉल्व्ह, देखभालीचा करार, रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस कोण, हे सगळे प्रश्न एखाद्या काल्पनिक कारखान्यावर रचता येतात. सिंहस्थाचं तसं नाही, ते सगळ्यांचं आहे: पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून ‘तपासणी नंतर करू’ हा दबाव तिथल्या प्रत्येक पुलावर, बॅरिकेडवर आणि घाटावर असतो. 27 ऑगस्ट 2003च्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले, हे सांगून तात्पुरत्या पादचारी पुलाची केस द्या. स्थापत्यच्या मुलांसाठी याहून जिवंत विषय नाही.

सिद्धांतांना एक सत्र पुरे. सर्वाधिकांचं हित, कर्तव्य, न्याय आणि चारित्र्य, एवढ्या चार भिंगांतून आधी सोडवलेली एखादी केस पुन्हा पाहायची. सुरुवातीलाच सिद्धांत शिकवले की उत्तरपत्रिकेत ‘उपयुक्ततावादानुसार अ, कर्तव्यवादानुसार ब’ असं छापील येतं आणि विद्यार्थी स्वतः कुठेच दिसत नाही.

बाहेरचा पाहुणा बोलवायचा तर संचालक किंवा अध्यक्ष नको, पंधरा वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेला क्वालिटीचा माणूस बोलवा. ‘मार्गदर्शन करा’ असं सांगू नका, नाहीतर एक तास प्रेरणादायी भाषण होईल. आठ दिवस आधी त्यांच्याकडून एक प्रसंग नावं काढून लिहून घ्या, मुलांना तो आधी सोडवू द्या, मग पाहुण्यांनी वीस मिनिटांत प्रत्यक्ष काय झालं ते सांगावं, चुकलेलंही.

एक गोष्ट अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. कॉलेजमध्ये विकत आणलेलं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र चालत असेल, हजेरी नंतर भरली जात असेल, मागच्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग यंदा तशीच उतरवलेली दिसूनही सही होत असेल, तर मुलांनी सहीचा अर्थ आधीच शिकलेला आहे आणि तो आपणच शिकवला आहे. सगळं एका वर्षात बदलणार नाही. पण निदान तुमच्या विषयात, तुमच्या सहीखाली, ते होऊ देऊ नका. आणि प्रयोगशाळेच्या सहकाऱ्यांना एक विनंती करा: न जुळणारं रीडिंग आलं तसं लिहून कारण शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे मार्क कापू नका. खोट्या आकड्याची सवय बहुतेकांना लागते ती ‘ग्राफ सरळ आला नाही’ म्हणून कापलेल्या दोन मार्कांपासून.

राहिली परीक्षा. ‘नीतिमत्तेची व्याख्या लिहा’ विचारलंत तर मुलं व्याख्या पाठ करतील, त्यांचा दोष नाही. पन्नासपैकी वीस मार्क तीनशे शब्दांच्या टिपणाला ठेवा, न पाहिलेल्या केसवर, कोड किंवा आचारनियमांचा उतारा सोबत देऊन. मार्क कोणती बाजू घेतली याला नकोत. माहीत असलेलं आणि गृहीत धरलेलं वेगळं केलं आहे का, नुकसान कोणाचं हे नेमकं सांगितलं आहे का, नियमाचं बरोबर कलम लावलं आहे का, दोनाहून जास्त वाटा शोधल्या आहेत का, आणि उद्या सकाळी पहिला फोन कोणाला हे लिहिलं आहे का, या पाचांना चार-चार मार्क. दहा मार्क सत्रातल्या चिठ्ठ्या आणि ईमेलच्या मसुद्यांना. उरलेले वीस तोंडी परीक्षेला, प्रत्येकी चार मिनिटं. साठ मुलांचे चार तास होतात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या दोन पाळ्यांत बसतात. परीक्षकाने साहेबांची भूमिका घ्यायची. विद्यार्थ्याने पहिलं उत्तर दिलं की लगेच मार्क लिहू नका. तो वर्गात घोटलेलं वाक्य म्हणेल. त्याला संपवू द्या, मग आवाज न चढवता म्हणा, ‘अरे, ते सगळं ठीक आहे रे. पण मी आहे ना.’ वीसपैकी बारा मार्क त्यानंतर तो काय म्हणतो, त्याला आहेत.